थावरीनं आधी विचारलं

सियागंजच्या तोंडाशी पुठ्ठ्याच्या खोक्यात
गुलाबी, पोपटी, निळी.
होळी तीन आठवडे लांब
आणि ही आधीच रंगून बसलेली.
दहाला एक, पंचवीसला तीन.
"मरेंगे तो नहीं?"
"मरे तो दूसरा ले जाना,"
टॉर्चच्या सेलची गॅरंटी द्यावी तसा तो म्हणाला.

शेजारच्या ईशाननं निळं आणलं होतं मागच्या वर्षी.
बुटांच्या खोक्यात तीन दिवस ओरडलं,
चौथ्या दिवशी गप्प.
पुरून आला तेव्हा बोटं निळी.
शाळेत शाई म्हणून खपली.

म्हणून मी रीतसर शोधायला निघाले.

धार रोडवरची हॅचरी दवाखान्यासारखी स्वच्छ.
डोक्याला टोपी, पायात प्लास्टिकच्या पिशव्या,
काचेमागे एकवीस दिवसांचा ऊबदार हिशोब.
मॅनेजरनं चहा मागवला.
"सगळ्या माद्याच देऊ मॅडम."
"आणि नर?"
विरघळून गेलेली साखर तो परत ढवळत राहिला.
"ते बाजूला काढतो."
"बाजूला म्हणजे?"
त्यानं घड्याळाकडे पाहिलं.

मागच्या अंगणात झाकण लावलेला एक पिंप होता.
आत काय होतं मी पाहिलं नाही.
पाहिलं नाही, हे इथे लिहून ठेवते.
मी काही माळकरी नाही.
घरी रविवारी रस्सा शिजतो,
आणि मसाला माझ्याच हातचा असतो.
तरी तो "बाजूला" हा शब्द
राऊपर्यंत माझ्या शेजारच्या सीटवर बसून आला.

महूच्या जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला,
"हाटात घेऊ नका. घरी जा.
पिल्लाची आई दिसली पाहिजे."
कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलं,
मानपूरच्या पुढे, थावरी, हापशीजवळ.

थावरी दारातच कणी पाखडत होती.
डाल्याखाली खुडूक कोंबडी,
तिच्या पिसांतून चार डोकी बाहेर,
एक आत, एक पाठीवर.
रंग मातीचे, राखेचे, थोडे जळक्या गुळाचे.
मी पर्स उघडली.
तिनं सूप खाली ठेवलं.

"थारा घर में बिलाड़ी हे कईं?"
मांजर नाही म्हटलं.
शेजारी?
आहे.
भिंत किती उंच?
रात्री कुठे ठेवणार?
वीज गेली तर ऊब कशाची?
दोन दिवस गावाला गेलीस तर पाणी कोण पालटणार?
एकच नेणार असशील तर नाही देणार,
एकटं असलं की हाका मारमारूनच संपतं.

नोकरीच्या मुलाखतीत घामेजले नव्हते इतकी घामेजले.
आणि मग, सूप परत उचलता उचलता,
अगदी सहज,
"कोंबडा निघाला तर?"

माझ्या हातात कप नव्हता,
ढवळायला काही नव्हतं.
"बाजूला" ओठांपर्यंत आला
आणि मी तो गिळला.
"माहीत नाही," म्हटलं.

थावरीनं माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच.
महिनाभर आईपाशी राहू दे, म्हणाली,
तोवर तू ठरव.
विसार घेतला नाही.
जगतील त्यांचेच पैसे.
जाताना मूठभर कणी दिली,
पिल्लांना याचीच सवय आहे म्हणून.

रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसनं परत.
संध्याकाळी भिंत मोजली, साडेतीन फूट.
मालवा मिलजवळच्या दुकानातून जाळी आणली,
बारीक भोकांची,
महाग पडली.

मग वरच्या मजल्यावर गेले.
दिघ्रसकर काका पेपर वाचत होते.
"काका, पहाटे चारला कोंबडा आरवला
तर चालेल तुम्हाला?"
त्यांनी पेपर घडी करून ठेवला,
डबीतून कानाचं यंत्र काढलं,
नीट बसवलं,
आणि म्हणाले,
"हं. आता विचार."